गांजाचे व्यसन : मनाचे की देहाचे?

सप्तव्यसनांच्या त्यागाचे संस्कार आपल्या घरांत बालपणीच होतात. त्यामुळे व्यसन हे उंबरठ्याबाहेरचे संकट, अशी आपली समजूत असते. खामगाव परिसरातील एका अडत व्यापाऱ्याच्या घरी ही समजूत फोल ठरली. शिक्षणासाठी बाहेरगावी राहिलेला धाकटा मुलगा रोज गांजा ओढू लागला होता. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी त्याने महाराजसाहेबांकडून गांजा न ओढण्याचे पच्चक्खाण घेतले. तिसऱ्या दिवशी त्याची झोप उडाली, अन्न नकोसे झाले, घाम सुटू लागला. क्षुल्लक कारणावरून तो आईवर ओरडला. वडील म्हणाले, "गांजाने देहाला काही होत नाही. मन खंबीर नाही, एवढेच!" सहाव्या दिवशी नियम मोडला. मुलगा स्वतःला पापी समजू लागला आणि वडिलांनी अबोला धरला.

वडिलांचे हे मत नवे नव्हते. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा वऱ्हाडातही साक्षी नोंदविल्या गेल्या. बुलढाणा त्या काळी वऱ्हाडातीलच जिल्हा होता. ही सवय सहज लागते काय, सोडणे कठीण जाते काय, हे प्रश्न साक्षीदारांना विचारण्यात आले होते. पुढेही दीर्घकाळ वैद्यकशास्त्रात असा समज राहिला की, अफू व दारू देहाला जखडतात, गांजा केवळ मनाला.

संशोधनाने हा समज बदलला. १९६४ मध्ये इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी गांजातील मुख्य मादक द्रव्य, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे द्रव्य मेंदूत जिथे जाऊन चिकटते ती ग्राही केंद्रे १९८८ मध्ये सापडली. १९९२ मध्ये मेंदू स्वतःच निर्माण करीत असलेले तत्सम द्रव्यही सापडले. 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याचे नाव 'आनंदामाइड' ठेवण्यात आले. बाहेरून रोज टीएचसी मिळू लागले की मेंदू ही केंद्रे कमी करतो. गांजा थांबविल्यावर ती सुमारे चार आठवड्यांत बहुतांशी पूर्ववत होतात. मधल्या काळात चिडचिड, निद्रानाश, मंदावलेली भूक, घाम, अस्वस्थता ही लक्षणे दिसतात. ती एक ते तीन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात तीव्र असतात आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरतात. झोपेची तक्रार अधिक काळ राहू शकते.

मग ही लक्षणे इतकी वर्षे नजरेतून का निसटली? टीएचसी शरीरातील चरबीत साठते व सावकाश बाहेर पडते. त्यामुळे त्रास दारू सोडताना होतो तितका उग्र वा जीवघेणा नसतो. मानसविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात या लक्षणसमूहाला २०१३ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. १९९४ च्या आवृत्तीत ते नव्हते.

याचा अर्थ मनाचा भाग गौण, असा नव्हे. देह सावरल्यावरही तोच मित्र, तोच कट्टा, तीच एकाकी संध्याकाळ ओढ जागी करते. आपण व्यापारी माणसे. प्रत्येक व्यवहाराच्या नावे आणि जमा अशा दोन नोंदी होतात, हे आपण जाणतो. व्यसनाचेही तसेच आहे. एकच बाजू पाहणाऱ्याचा ताळेबंद जुळत नाही.

म्हणून पच्चक्खाण अवश्य घ्यावे, पण पहिले पंधरा दिवस वैद्यकीय सल्ल्याची जोड द्यावी. गांजाच्या व्यसनावर खास मान्यताप्राप्त औषध नाही. तथापि झोप व अस्वस्थता यांवर डॉक्टर उपाय करू शकतात आणि समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. भास किंवा अकारण संशय दिसल्यास मनोविकारतज्ज्ञांना तत्काळ दाखवावे. शासनाची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. १९८६ पासून कार्यरत असलेले पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सर्वपरिचित आहे. कायद्याच्या भयाने उपचार टाळू नयेत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ, स्वतःच्या सेवनापुरत्या अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देते.

त्या घरातील वडिलांना परिचित डॉक्टरांनी हे सारे समजावून सांगितले. संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमणानंतर त्यांनी मुलासमोर हात जोडून प्रथम 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. दुसऱ्या दिवशी पितापुत्र दोघे मिळून दवाखान्यात गेले.