सोल का सुटतो?

कर्जत-खालापूर पट्ट्यात पावसाळा लागला की चपला-बुटांचे सोल सुटू लागतात. शाळेच्या पहिल्याच महिन्यात नव्या बुटाचे तोंड उघडते आणि दोष कारागिराच्या 'सोल्यूशन'ला दिला जातो. आमच्या मते बहुतेक वेळा दोष सोल्यूशनचा नसून, ते लावण्याच्या आगेमागे केलेल्या घाईचा असतो.

कोल्हापुरी चपलेत हा प्रश्नच नव्हता. ती चामड्याच्याच वादीने शिवली जाते. चिकटवलेल्या बुटात मात्र सारा भार त्या पातळ थरावर असतो.

चामडे म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचे जाळे. त्याची वरची साल गुळगुळीत व घट्ट असते, तिच्यावर रंग-पॉलिशचा थर असतो. त्यावरच सोल्यूशन फासले तर ते रंगाला चिकटते, चामड्याला नव्हे. म्हणून सोल बसेल तेवढी जागा कानशीने किंवा जाड काचपेपरने खरवडून आतले तंतू मोकळे करावे लागतात. फार खोल गेले तर चामडेच कमजोर होते.

नेहमीचे पिवळसर सोल्यूशन म्हणजे विद्रावकात विरघळवलेले निओप्रीन हे कृत्रिम रबर. पहिला हात पातळ द्यावा, तो तंतूंत मुरतो, सुकल्यावर दुसरा. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, बोटाला चिकटेनासे झाले की जोडून जोरात दाबावे. (पीव्हीसीच्या सोलला हे सोल्यूशन टिकत नाही. त्या सोलमधले तेल हळूहळू बाहेर येऊन थर मऊ करते. तेथे पॉलियुरेथेनचे लागते.)

आता आपल्या भागाची खरी अडचण. स्पिरिट हातावर घेतले की गार वाटते, तसाच विद्रावक उडताना सोल्यूशनचा थर थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. दोन थरांमध्ये पाण्याचा पडदा राहतो. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे ढगच घरात शिरतात, तिथे काय होत असेल याची कल्पना करावी! उपाय असा, की चामडे आदल्या दिवशीच बल्बच्या पेटीत मंद उबेवर सुकवावे. हिरडा-बाभळीने कमावलेले ओले चामडे जास्त उष्णतेने आक्रसते, म्हणून मंद. सोल्यूशन लावलेला नग मात्र त्या पेटीत कधीही ठेवू नये, त्याची वाफ पेट घेते. थर पूर्ण सुकल्यावर गरम हवेने कोमट करून मगच दाबावा. कर्जप्रकरणांच्या अंदाजपत्रकांत यंत्रे व कच्चा माल आम्हाला नेहमी दिसतो, ही साधी पेटी क्वचितच.

सुटलेला सोल विद्यार्थ्यांनी निरखून पाहावा. सारे सोल्यूशन सोलवर आणि चामडे कोरे, तर खरवडणे राहिले. दोन्हीकडे सोल्यूशन, तर वाळणे किंवा दाबणे चुकले. सोलवर चामड्याचे तंतू उपटून आलेले दिसले, तर जोड पक्का होता, चामडेच हरले.

विद्रावकाची वाफ हा तितकाच गंभीर विषय आहे. इस्तंबूलच्या बूट कारागिरांत बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग झाल्याचे तेथील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. हेक्झेनने हातापायांच्या नसा दुबळ्या होतात. पावसात खिडकी उघडली तर ओल आत येते, लावली तर वाफ कोंडते. खिडकी उघडीच ठेवावी असे आम्ही म्हणू; थरावरची ओल गरम हवेने नंतरही काढता येते.