सूचना निघाली, पण पोचली का? – विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांची बातमी

 

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. विमानतळावर काम करणाऱ्या माणसाला त्याच्या कामाची ताजी माहिती कशी मिळते, एवढाच तो आहे. नोटीस बोर्डावरचा कागद, शिफ्ट सुरू होण्याआधीच्या सूचना, व्हॉट्सॲपवर आलेला निरोप, वॉकी-टॉकीवरचं एखादं वाक्य. विमानतळ म्हटलं की आपण विमानं, वैमानिक, फार तर उशिरा सुटणारी उड्डाणं यांबद्दल बोलतो. आम्ही आज या कागदाबद्दल आणि या वाक्याबद्दल बोलणार आहोत, कारण ते पोचलं नाही तर काय होतं याची उदाहरणं आहेत, आणि त्यातली काही फार वाईट आहेत.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे वापरता येत नाहीत. काम जवळजवळ एकाच पट्टीवर चालतं. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात १००७ विमानांची ये-जा इथे झाली. हिशोब करून बघा. चोवीस तासांचे १४४० मिनिटं. म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एक विमान उतरतंय किंवा सुटतंय.

आता असं समजा की या गर्दीत एक बदल झाला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धावपट्ट्यांची दुरुस्ती करावी लागते. त्यासाठी २०२४ मध्ये ९ मे रोजी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच दोन्ही पट्ट्या बंद होत्या. ही बातमी वैमानिकांना आणि विमान कंपन्यांना 'नोटॅम' नावाच्या अधिकृत सूचनेतून बरीच आधी मिळते. पण ती तिथेच थांबून चालत नाही. त्या सहा तासांत सामान चढवणाऱ्या लोडरला काम कमी आणि पाचनंतर एकदम दुप्पट. इंधनाच्या टँकरचं वेळापत्रक बदलणार, जेवणाचे ट्रे तयार करणाऱ्या स्वयंपाकघराचं बदलणार, सफाईच्या टोळीचं बदलणार, सुरक्षा तपासणीच्या रांगेवरच्या जवानांचंही बदलणार.

इथे पहिली अडचण लक्षात घ्या. ही सगळी माणसं एकाच मालकाची नसतात. विमानतळ चालवणारी कंपनी वेगळी. हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे. सीमाशुल्क आणि इमिग्रेशन सरकारी खाती. विमान कंपन्या वेगळ्या, सामान हाताळणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आणि त्यांच्याखाली पुन्हा कंत्राटदार. गळ्यातले पास वेगळे, सुपरवायझर वेगळे, भाषाही वेगळ्या. कारखान्यात मॅनेजरने एक सर्क्युलर काढलं की ते सगळ्यांना लागू होतं. विमानतळावर तेच सर्क्युलर पाच-सहा हातांतून खाली उतरतं, आणि प्रत्येक हातात थोडं थोडं झिजतं.

आमच्या मते या माहितीचे तीन प्रकार करावेत. पहिली, महिन्यांची बातमी: पट्टी बंद राहणार, नवी इमारत सुरू होणार. दुसरी, दिवसाची बातमी: आज कोणत्या स्टँडवर काम चालू आहे, स्वातंत्र्यदिन जवळ आला म्हणून कोणती जादा तपासणी लागली आहे. आणि तिसरी, क्षणाची बातमी: वीज चमकतेय, उघड्यावरचं काम थांबवा, विमान हलणार आहे, बाजूला व्हा. तिन्ही प्रकार चुकतात, पण वेगवेगळ्या रीतीने चुकतात. एकेक उदाहरण घेऊ.

पहिलं उदाहरण माहिती दिली जाते पण दिसत नाही, याचं. ७ जुलै २०१७, सॅन फ्रान्सिस्को, मध्यरात्रीच्या जरा आधी. टोरोंटोहून आलेलं एक विमान उतरत होतं. विमानात १४० माणसं. तिथल्या दोन समांतर पट्ट्यांपैकी डावी त्या रात्री बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांना दिव्यांची जी पट्टी दिसली ती त्यांना डावी वाटली, आणि शेजारचा टॅक्सीवे उजवी पट्टी वाटला. त्या टॅक्सीवेवर चार विमानं रांगेत उभी होती, प्रवाशांनी भरलेली. विमान पुन्हा वर घेतलं गेलं तेव्हा ते जमिनीपासून फक्त साठ फुटांवर आलं होतं. साठ फूट म्हणजे साधारण सहा मजली इमारत.

पट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना मिळाली होती का? मिळाली होती. सत्तावीस पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर ती छापलेली होती. थकवा, रात्रीची वेळ अशी इतर कारणंही चौकशीत पुढे आली, हे एकच कारण नव्हतं. पण अमेरिकेच्या चौकशी मंडळाने आवर्जून सांगितलं की अशा सूचना मांडण्याची पद्धतच सुधारायला हवी. कारण सरळ आहे. सगळ्याच गोष्टी महत्त्वाच्या म्हणून दिल्या की वाचणाऱ्याला महत्त्वाची कोणती हे कळत नाही. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज पन्नास मेसेज येतात आणि त्यात पाणी बंद असल्याचा एक असतो. तो कितीजण बघतात?

दुसरं उदाहरण लंडनच्या हीथ्रोचं. २७ मार्च २००८ रोजी तिथे पाचवं टर्मिनल सुरू झालं. खर्च चार अब्ज पौंडांच्या वर. इमारत देखणी, सामानाची यंत्रणा अत्याधुनिक. आणि पहिल्याच दिवशी ३४ उड्डाणं रद्द झाली, पुढच्या काही दिवसांत शेकडो, आणि हजारो बॅगा प्रवाशांपासून दुरावल्या.

काय बिघडलं होतं? सकाळी कामावर आलेल्या कर्मचाऱ्यांना गाडी लावायची जागा सापडेना. कर्मचाऱ्यांच्या तपासणीच्या दारावर रांगा लागल्या. आत पोचलेल्यांपैकी काहींना सामानाच्या संगणकात लॉग-इन करता येईना. चाचण्यांच्या काळात यंत्रणेत एक गाळणी घातली होती, ती काढायची राहून गेली; त्यामुळे बाहेरून येणाऱ्या सामानाची माहिती आतच येईना. बॅगा उचलणारे हात वेळेवर पोचले नाहीत, पट्टे भरले आणि तुंबले. ब्रिटिश संसदेच्या समितीने याची चौकशी केली. बांधकाम लांबलं म्हणून कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि इमारतीची ओळख यांना कात्री लागली होती, हे त्यात उघड झालं. वर्षानुवर्षं तयारी केलेली इमारत अडली ती 'मी गाडी कुठे लावू' या प्रश्नापाशी.

यावरून आम्हाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कर्मचाऱ्याची बातमी म्हणजे केवळ कामाची बातमी नव्हे. तो कामावर कसा येणार, कुठून आत शिरणार, कुठे जेवणार, हीसुद्धा कामाचीच बातमी आहे. मुंबईने हे मे २०२० मध्ये अनुभवलं. दोन महिन्यांच्या टाळेबंदीनंतर २५ मेपासून देशांतर्गत उड्डाणं सुरू होणार होती. मुंबईतून रोज २५ उड्डाणं आणि २५ आगमनं एवढ्यालाच परवानगी, हा राज्याचा निर्णय जाहीर झाला तो आदल्या दिवशी. लोकल बंद. आता विरारला किंवा कल्याणला राहणाऱ्या लोडरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. उद्या पहाटे ड्युटी आहे की नाही, आणि असली तर जायचं कसं?

तिसरं उदाहरण क्षणाच्या बातमीचं, आणि ते सांगणं कठीण आहे. १६ डिसेंबर २०१५ ची रात्र, मुंबई विमानतळ. हैदराबादला निघालेलं विमान टगने मागे ढकलून झालं होतं. जमिनीवरचा एक तंत्रज्ञ अजून जवळच होता. वाट मोकळी आहे असा कॉकपिटमध्ये समज झाला, आणि विमान हललं. तो तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला आणि जागीच गेला. इथे सत्तावीस पानं नव्हती, सर्क्युलर नव्हतं. एका बाजूची माणसं जमिनीवर, दुसऱ्या बाजूची वर कॉकपिटमध्ये. मध्ये एवढीच बातमी होती: 'आम्ही बाजूला झालो.' ती मिळण्याआधीच मिळाली असं धरलं गेलं.

मग उपाय काय? विमानवाहतुकीने तो स्वतःच शोधलेला आहे. नियंत्रकाने वैमानिकाला पट्टी ओलांडायची परवानगी दिली, की वैमानिक नुसतं 'ठीक आहे' म्हणत नाही. तो तीच परवानगी पट्टीच्या क्रमांकासह परत म्हणून दाखवतो. याला रीडबॅक म्हणतात. परत म्हणताना चूक झाली तर नियंत्रक तिथल्या तिथे सुधारतो. यात मूळ विचार असा की सांगणाऱ्याचं काम सांगून संपत नाही, ऐकणाऱ्याकडून परत ऐकल्यावर संपतं. हीच पद्धत शिफ्टच्या सूचनांना लावा. सुपरवायझरने 'समजलं का?' विचारलं तर वीस माना हलतात. त्याऐवजी 'स्टँड बंद आहे, मग तू ट्रॉली कुठून नेशील, सांग' असं विचारलं तर खरं काय ते कळतं. आणि ज्याला जी भाषा येते त्या भाषेत सांगू द्यावं, मराठी, हिंदी, भोजपुरी, काहीही.

शेवटचा मुद्दा. आतापर्यंत आम्ही वरून खाली येणाऱ्या बातमीबद्दल बोललो. पण सगळ्यात मोलाची बातमी खालून वर जाते. समजा एखाद्या लोडरची ट्रॉली विमानाला घासली. जुन्या ॲल्युमिनियमच्या विमानावर पोचा दिसतो. काही नव्या विमानांचा बराचसा सांगाडा कार्बन फायबरचा असतो. तिथे बाहेरून काही न दिसता आतले थर सुटलेले असू शकतात. म्हणजे ही बातमी जगात फक्त एका माणसाकडे आहे. तो बोलला तर इंजिनियर येऊन तपासेल, विमान उशिरा सुटेल. तो गप्प राहिला तर विमान तसंच उडेल.

तो बोलेल का? तो कंत्राटावर आहे. उद्या पास काढून घेतला तर घर कसं चालवायचं, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे नियम सांगतात की सुरक्षिततेची माहिती स्वतःहून देणाऱ्याला संरक्षण असावं. हा नियम फायलीत आहेच. पण तो पोचला का, हे ठरतं ते असं काही सांगायला आलेल्या पहिल्या माणसाशी आपण कसं वागतो त्यावर. त्याला 'बरं केलंस, लगेच सांगितलंस' असं ऐकायला मिळालं, तर ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या रॅम्पवर पसरते, तिला सर्क्युलर लागत नाही. त्याला घरी पाठवलं, तर तीही बातमी तितक्याच वेगाने पसरते.

तुमच्यापैकी जे विमानतळावर, रुग्णालयात, रेल्वेत, कारखान्यात काम करतात त्यांना आमची एकच विनंती. उद्याच्या शिफ्टला एक सूचना अशी निवडा जी चुकली तर कोणाला तरी इजा होईल. ती फक्त वाचून दाखवू नका. समोरच्याकडून त्याच्या शब्दांत परत ऐका. काय ऐकू येतं ते पुढच्या वेळी आम्हाला जरूर कळवा.