तेल पिळून गेल्यावर काय उरते?

तेल घातले की यंत्र सुरळीत चालते, एवढे आपणा सर्वांना ठाऊक असते. परंतु कोणते तेल आणि का, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्यालाही पडला, कारण मुळात तो पैशाचा प्रश्न आहे. बडोद्याला मकरपुऱ्यात माझ्या मामांचा लहानसा कारखाना आहे. पोलादी तुकड्यांना भोके पाडून त्यांत आटे पाडायचे, हे काम. टॅप भोकातच मोडला तर टॅप गेला, तुकडा गेला आणि वेळेवर माल न मिळाल्याने गिऱ्हाईकही गेले! मामा तेथे नुसते खनिज तेल वापरत नाहीत. ब्रशने एरंडेल लावतात. (गुजरातीत दिवेल, आमच्या घरच्या कानडीत हरळेण्णे.)

पोलाद कितीही चकचकीत केले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगराळच दिसते. दोन पृष्ठभाग फक्त शिखरांवर टेकतात. सारा भार तेवढ्या जागेवर येऊन धातू धातूला चिकटतो. हे जोड तोडायला लागणारे बळ म्हणजेच बव्हंशी घर्षण. वेगाने फिरणाऱ्या दांड्याभोवती तेलाचा जाड थर टिकतो. टॅपच्या धारेपाशी मात्र दाब एवढा, की तेल पिळून निघते. उरतात ते धातूला धरून बसलेले रेणू. या धरून बसण्याला अधिशोषण म्हणतात.

मेदाम्लाच्या रेणूला एक डोके आणि एक लांब शेपूट असते. डोके धातूला पकडते, शेपट्या गालिच्याच्या लवीसारख्या उभ्या राहतात. हा थर मिलिमीटरच्या सुमारे पाच लाखाव्या भागाइतका! खनिज तेलाच्या रेणूला असे पकडणारे डोके नसते. एरंडेल, खोबरेल यांत ते असते. केंब्रिजचे विल्यम हार्डी (मूळचे जीवशास्त्रज्ञ, हे विशेष) आणि आयडा डबलडे यांनी १९२२ साली दाखवून दिले की शेपूट जसजशी लांब, तसतसे घर्षण कमी. इतका पातळ थर एवढे काम करतो, हे मला हिशेबाच्या वहीत बसवता आलेले नाही.

अर्थात पृष्ठभागही तसा हवा. तांबे किंवा जस्त यांच्याशी मेदाम्लाची रासायनिक क्रिया होऊन धातूचा साबण बनतो आणि थर पक्का बसतो. प्लॅटिनम किंवा काचेवर त्याचा तेवढा उपयोग होत नाही. शिवाय ठराविक तापमानापुढे हा थर वितळतो आणि घर्षण एकदम वाढते. मामा टॅप घाईने फिरवू देत नाहीत, त्याचे एक कारण हेही.

बडोद्याहून सुरत जवळच. तेथे ज्याला पैलू पाडतात तो हिरा सर्वांत कठीण. तरीही हवेत हिऱ्यावर हिरा सहज घसरतो. तो गुण निव्वळ हिऱ्याचा नव्हे. निर्वात जागी पृष्ठभाग स्वच्छ करून तेच हिरे घासले, की घर्षण कित्येक पटींनी वाढते. हवेतून येऊन चिकटलेले रेणू तेथे तेलाचे काम करीत होते, आणि तेही फुकट.