मांड्या भरून येतात तेव्हा

रविवारी सिंहगड चढून आलो. सोमवार बरा गेला. मंगळवारी सकाळी मात्र कठडा धरून, एकेक पायरी तिरकं होत जिना उतरावा लागला. गड चढताना दम लागतो, पण मांड्यांचा हिशेब होतो तो उतरताना. शरीराचा भार तोलत स्नायू ताणले जातात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि डागडुजीला पांढऱ्या पेशी धावतात. हा दाहच. गडावर नेहमी जाणाऱ्या मित्राने व्हिटॅमिन सीची फसफसणारी गोळी ग्लासात टाकून पुढे केली. ‘घे, अँटिऑक्सिडंट आहे.’

त्याचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. मेहनत करताना फ्री रॅडिकल्स तयार होतात. एक इलेक्ट्रॉन एकटा पडल्यामुळे दुसऱ्या रेणूचा ओरबाडायला टपलेले हे रेणू. 1982 साली केल्विन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत आणि यकृतात ते दुपटी-तिपटीने वाढलेले मोजले. शरीराला ते आवरेनासे झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मग बाहेरून अँटिऑक्सिडंट दिलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं. जर्मनीत मिखाएल रिस्टो यांच्या गटाने सुमारे 40 तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि सोबत व्हिटॅमिन ई दिलं. 2009 साली निष्कर्ष छापून आला: इन्सुलिनला शरीर चांगला प्रतिसाद देऊ लागलं ते गोळ्या न घेतलेल्यांचं. गोळ्या घेणाऱ्यांच्या पदरी हा फायदा पडलाच नाही. कारण ते उपद्रवी रेणू निरोपेही असतात. त्यांचा सांगावा मिळाला की पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवते. निरोप्यालाच दारात अडवलं तर आतल्यांना कळणार कसं? पुढच्या सगळ्याच प्रयोगांचं यावर एकमत नाही. 2014 सालच्या नॉर्वेतल्या अभ्यासात अशा गोळ्यांनी स्नायूपेशींतले काही बदल रोखले, दमसास मात्र दोन्ही गटांत सारखाच वाढला. म्हणजे गोळ्यांनी सत्यानाश होतो असं नाही. पण त्या घ्याव्यात असंही काही त्यातून निघत नाही.

खरी काळजी करायची ती न दुखणाऱ्या दाहाची. पोटातल्या अवयवांभोवती साठलेली चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे. तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात झिरपत राहतात, राखेखालच्या निखाऱ्यासारखी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2! ‘मी तर काटकुळा, मला काय होतंय’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो फोटो जरूर पाहावा.

इथे व्यायाम पुन्हा कामाला येतो, आणि जरा चमत्कारिक रीतीने. आयएल-6 हे एरवी दाहाशी जोडलं जाणारं प्रथिन. कोपनहेगनच्या बेन्टे क्लारलुंड पेडरसन यांना दिसलं, की काम करणारा स्नायू ते स्वतःच रक्तात सोडतो. मॅरेथॉननंतर ते शंभर पटीपर्यंत वाढलेलं आढळतं. पण स्नायूतून आलेलं हे आयएल-6 दाह शमवणाऱ्या रेणूंना पुढे घालतं आणि काही तासांत ओसरतं. चरबीच्या साथीने दिवसरात्र थोडं थोडं पाझरणारं तेच प्रथिन निराळा संसार मांडतं.

ताटाचंही तसंच. श्रीखंड-पुरी हाणल्यावर रक्तातली साखर आणि मेद चढतात, आणि पुढचे काही तास ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसही. लगेच आडवं होण्याऐवजी थोडं चाललं तर साखरेची ती उसळी कमी होते. आजीची शतपावली उगाच नव्हती. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी यांतल्या तंतूंवर आतड्यातले जिवाणू पोसले जातात. ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, आणि ते आतड्याचं अस्तर राखतं, दाहाला लगाम घालतं. व्हिटॅमिन सी पेरूतही भरपूर असतं, शिवाय तंतू फुकट.

ग्लासातली फसफस तोवर बसली होती. मित्राला वाईट वाटू नये म्हणून मी ते पाणी प्यायलो. मांड्या भरलेल्याच होत्या. गुरुवारी कठडा सुटला.