गाळातल्या वस्तीची शंभर वर्षे

नवा गोबरगॅस सुरू करताना जुन्या टाकीतली स्लरी आणून ओतली, की गॅस लवकर धरतो. मंगरूळपीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे विरजण नवे नाही. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्याबाबत हेच केले. पाण्यात हवा सोडल्यावर तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही, पुढच्या पाण्यात मिसळला. आठवड्यांचे काम तासांवर आले. त्या गाळात कोण कोण राहते, हे मात्र कित्येक दशके धूसरच राहिले.

नागपुरात 1958 साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. 1974 पासून ती 'नीरी' झाली. मूळ नावातच अभियांत्रिकी होती, जिवाणू नव्हते.

मधल्या काळात वस्तीपेक्षा एकट्या पठ्ठ्या जिवाणूची हवा होती. कच्चे तेल खाणारा जिवाणू आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवला, 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटचा मार्ग मोकळा केला. गाजावाजा प्रचंड झाला, पण तो जिवाणू समुद्रातले तेल साफ करायला कधी उतरलाच नाही.

खरे वळण आले ते गाळातला सगळा डीएनए एकत्र वाचता येऊ लागल्यावर. प्रयोगशाळेतल्या बशीत यातले मोजकेच जीव वाढतात. उरलेले तोवर हिशेबातच नव्हते. नीरीत हेमंत पुरोहित आणि सहकाऱ्यांनी कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अशा वस्त्या अभ्यासल्या. अमोनियाचे नायट्रेट करायला दोन वेगळे जिवाणू लागतात, हा शंभर वर्षांचा पाठही अशाच वाचनातून इतर संशोधकांनी 2015 मध्ये मोडला. दोन्ही कामे एकटाच करणारा सापडला.

गोबरगॅसचे गणितही वस्तीचेच आहे. काही जिवाणू शेणाचे आम्ल करतात, दुसरे सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन. एकदम जास्त माल टाकला की पहिले पुढे धावतात, आम्ल साचते, दुसरे दबतात, शेगडी विझते. सेप्टिक टाकीतही अशीच वस्ती काम करते. तिच्यासाठी मिळणाऱ्या 'कल्चर'च्या पुड्यांवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. टाकीत वस्ती आधीच असते. अ‍ॅसिड आणि फिनेल ओतून आपणच तिला मारतो.

गटारयोजना नसलेल्या गावांत या विज्ञानाची गाठ सेप्टिक टाकीशीच पडते. ती दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या, आणि टँकरवाल्याला एवढे जरूर विचारा: हा मैला नेऊन ओतता कुठे?