रांग, रूळ आणि धीर

दुधनीसारख्या स्टेशनावर ज्यांनीं गाडीची वाट पाहिली आहे, त्यांस आजच्या विषयाचें अर्धें मर्म अगोदरच अवगत आहे. पुढील टप्पा मोकळा झाल्याखेरीज गाडीस सिग्नल मिळत नाहीं. मग फलाटावर गर्दी कितीही असो आणि प्रवाशांची तारांबळ कितीही उडो. एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी, हा रेल्वेचा जुना दंडक. करमणुकीच्या उद्यानांत उंच रुळांवरून धांवणारा ‘रोलर कोस्टर’ही याच दंडकानें बांधलेला आहे, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील मुलांस पाळण्यांचें वेड नवें नाहीं. संक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वरांच्या यात्रेनिमित्त सोलापुरास होम मैदानावर गड्डा भरतो, आणि यंदा कोणता नवा पाळणा आला याची चौकशी गांवोगांवच्या घरांतून होते. अलीकडे या औत्सुक्याची झेप खोपोलीपर्यंत गेली आहे. रायगड जिल्ह्यांत खोपोली-पाली रस्त्यावर 2013 सालीं ‘इमॅजिका’ हें उद्यान उघडलें. तेथील ‘नायट्रो’ नांवाचा रोलर कोस्टर बोलिगर आणि माबियार या स्विस कंपनीचा. त्याची उंची सुमारें 40 मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी. वेग ताशीं सुमारें 105 किलोमीटर. वाटेंत पांच वेळां माणूस उलटा होतो, आणि पायांखालीं फळीसुद्धां नसते! असें वर्णन थोरल्या नातवाच्या कानीं एकदां पडलें, कीं सुट्टी लागेपर्यंत घरांत दुसरा विषय निघत नाहीं.

हें औत्सुक्य स्वाभाविक आहे, आणि तें मोडून काढावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु काका-काकू, आत्या आणि मुलें मिळून दहा-बाराजणांनीं निघावयाचें, तर वडील मंडळींनीं एक साधा प्रश्न अगोदर विचारावा: हें यंत्र तासाला माणसें किती नेतें?

हा प्रश्न या करमणुकीच्या जन्मापासूनचा आहे. 1884 सालीं न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथें लामार्कस थॉम्प्सन यानें अशा तऱ्हेची उतरणीची गाडी सुरू केली. भाडें पांच सेंट, आणि वेग ताशीं अवघा सहा मैलांच्या आसपास. उतरण संपली कीं बसलेल्यांनीं खालीं उतरावयाचें, नोकरांनीं गाडी ढकलून परतीच्या रुळावर चढवावयाची, मगच पुढील फेरी. रांग किती वेगानें सरकेल हें त्या नोकरांच्या बाहुबळावर अवलंबून होतें. पुढील वर्षींच फिलिप हिंकल यानें यांत्रिक सामर्थ्यानें गाडी चढावर ओढून नेण्याची सोय केली, आणि बसलेल्यांस उतरण्याची गरज उरली नाहीं.

आतां आजच्या यंत्राचा हिशेब करून पाहूं. समजा, एका गाडींत 28 माणसें बसतात आणि दर 3 मिनिटांनीं एक गाडी सुटते. तासाला 20 गाड्या, म्हणजे 560 माणसें. आपल्यापुढें 1,400 माणसें असलीं तर अडीच तास उभें राहणें आलें; आणि तेंही दोन-तीन मिनिटांच्या धांवेसाठीं! तीच गाडी दर 2 मिनिटांनीं सुटली, तर तासाला 840 माणसें जातील आणि अडीच तासांऐवजीं एक तास चाळीस मिनिटांत काम भागेल. हें एक मिनिट बहुधा फलाटावर खर्च होतें. कोणी चष्मा कोठें ठेवावा या विवंचनेंत असतो, कोणाची पिशवी खांद्यावरून सुटत नाहीं, आणि नोकरास तर प्रत्येकाचा अडसर हातानें ओढून पाहावा लागतो.

येथेंच मोहाचा क्षण येतो. रांग कुरकुरते, मग अडसर घाईनें पाहावेत, रुळावर आणखी एक गाडी सोडावी, असें वाटूं लागतें. इंग्लंडांतील ऑल्टन टॉवर्स या उद्यानांत 2 जून 2015 रोजीं काय घडलें तें या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ‘स्माइलर’ नामक कोस्टरच्या रुळावर त्या दिवशीं पांचवी गाडी घातली होती. एक रिकामी गाडी वाटेंत अडकली, तेव्हां यंत्रणेनें मागील भरलेली गाडी आपण होऊन रोखून धरली. पांचवी गाडी घातल्याचें न जाणणाऱ्या तंत्रज्ञांस ही यंत्राची चूक वाटली, आणि त्यांनीं तो रोध हातानें उठविला. दोन्ही गाड्यांची टक्कर होऊन सोळा माणसें जखमी झालीं. दोन तरुणींस आपला एकेक पाय गमवावा लागला. 2016 सालीं न्यायालयानें कंपनीस पन्नास लक्ष पौंड दंड केला. यंत्रानें आपलें काम चोख बजाविलें होतें; विश्वास माणसानें ठेवला नाहीं.

म्हणून दोन गाड्यांमधील मोकळा रूळ हीच खरी सुरक्षितता होय, आणि रांगेंतील आपलें तिष्ठणें हें तिचें मोल होय. अनेक उद्यानांत ज्यादा पैसे घेऊन वेगळ्या रांगेचें तिकीट देतात. त्यानें 560 चे 561 होत नाहींत. एकाचा वांचलेला वेळ दुसऱ्याच्या माथीं बसतो, इतकेंच. चालकांस जर खरोखर लोकांची कळकळ असेल, तर यंत्रांस झेपेल तितकींच तिकिटें त्यांनीं त्या दिवसापुरतीं विकावीं, आणि किती वेळ थांबावें लागेल तें दारावर स्पष्ट लिहावें.

आपणांकडूनही कांहीं होण्यासारखें आहे. अशा यंत्रांस उंचीची मर्यादा असते. मुलांची उंची घरींच मोजावी, म्हणजे तासभर उभें राहून धाकट्यास रडत परतावें लागत नाहीं. हृदयविकार असलेल्यांनीं व गर्भवतींनीं बसूंच नये. सुट्टीचा दिवस टाळावा. दारें उघडतांच मोठ्या यंत्राकडे प्रथम जावें. चष्मे, पिशव्या व मोबाइल खालीं थांबणाऱ्या आजीच्या स्वाधीन करावे. आणि गाडी मध्येंच थांबविली गेली, तर ओरडा करूं नये. जो तरुण नोकर तेथें अडसर तपासीत उभा असतो, त्याच्यावर घाईचें दडपण रांगेंतूनच येतें. आणि पुढल्या फेरींत बसणारीं मुलें आपलींच असतात.