मिरजेच्या गाण्याची रात्र

उरुसाला जतहून मिरजेला गेलात, तर मीरासाहेबांच्या दर्ग्यातले गाणे ऐकल्याखेरीज परतू नका. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्या स्मरणार्थ तिथे मैफली होतात.

आरंभी गवई एकेका सुरावर रेंगाळतो. ‘हे सुरू कधी व्हायचं?’ म्हणून एस.टी. गाठायला उठू नका. गाणे सुरूच झालेले असते! मागच्या तंबोऱ्याकडे कान द्या. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो; तो नेमक्या जागी आला की तार गुंजते. हीच जवारी, मिरजेच्या कारागिरांचे खास कसब. खर्जाच्या तारेतून मग कुणी न छेडलेला गंधारही उमटतो. तो एकदा ऐकू आला, की गवई कुठे उभा आहे ते कळते. मग एस.टी. चुकली तरी हळहळ वाटत नाही.